टेम्पो सुटायच्या आधी

"कुठून चढलीस?"

विशेमास्तरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मुरबाडच्या बाजारामागे, पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. कॉलेजच्या क्षेत्रकार्यासाठी मी तिथं पहिल्यांदा गेले होते. नाव विचारतील, कितवीला आहेस विचारतील, अशी तयारी करून गेले होते. त्यामुळे जरा गोंधळून म्हणाले, "सापगाव."

"पुलाच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं."

"म्हंजे गाडी शहापूरातूनच भरून येते. उभ्यानं आलीस."

"हो."

"मग बस आता."

त्यांनी खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली. ऑफिसात ती एकच बऱ्या पाठीची खुर्ची होती. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी सापगाव. संस्थेच्या प्रमुख माधुरीताई म्हणजे कल्याण, कारण त्या रोज कल्याणहून यायच्या.

मास्तर तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. नोकरी संपली तरी ते नाव राहिलं. निवृत्त झाल्यावर आठवड्याच्या आत ते संस्थेत आले आणि काम मागितलं, असं माधुरीताई सांगायच्या. ताईंनी त्यांना सल्लागार व्हा म्हटलं, तर म्हणाले, "सल्ला नाय. फिरायचं काम द्या."

संस्था शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलांच्या हक्कांसाठी काम करते. शाळा, आहार, लहान वयातली लग्नं, आणि सगळ्यात जास्त धावपळ होते ती वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी. भातकापणी उरकली की पाड्यांवरची कुटुंबं भट्ट्यांवर कामाला जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलं बरोबर जातात आणि त्यांची शाळा मधेच सुटते. म्हणून डिसेंबर आला की ऑफिसात कुणाला जेवायला वेळ नसतो. मुलांच्या सभा घ्यायच्या, त्यांच्या मागण्या लिहून काढायच्या, निवेदनं करायची, पंचायत समितीत खेटे घालायचे. वर्ष संपायच्या आत काहीतरी पदरात पडलं पाहिजे, कारण माणसांना भट्टीवर नेणारा टेम्पो कुणासाठी थांबत नाही.

या सगळ्यात मास्तरांचा पाय जमिनीला टेकत नसे. बैठक चालू असताना ते खिडकीशी जाऊन रस्ता बघायचे. खालून आवाज आला की म्हणायचे, "ही टोकावड्याची. आज पंधरा मिनिटं लेट."

"मास्तर, तुम्ही रिटायर झालात," माधुरीताई म्हणायच्या.

"मी झालो. गाडी नाय झाली."

बैठक फार लांबली तर ते बोटाच्या पेरानं टेबलावर, गाडी सोडायची डबल बेल द्यावी तशी, दोनदा ठकठक करायचे. आम्ही सगळे नकळत उठून उभे राहायचो. ताईसुद्धा.

त्यांची एक गोष्ट मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. मूल समोर आलं की हाफ तिकिटाचं मूल मोजावं तसा ते आपला तळहात आडवा धरून स्वतःच्या पट्ट्याच्या बक्कलापर्यंत न्यायचे. मूल किती वर आलं ते बघायचे आणि वय सांगायचे. वरच्या पाड्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शाळेच्या रजिस्टरात सोनी नावाच्या मुलीचं वय नऊ लिहिलं होतं. मास्तरांनी हात धरला आणि म्हणाले, "ही अकराची हाय."

गुरुजी म्हणाले, "अहो, आईनंच सांगितलंय नऊ."

"हिची आय यमुना. ही पोटात होती तेव्हा यमुना माझ्या गाडीत चढली होती. ओढ्यावरचा पूल वाहून गेला त्या सालात. गाडी पलीकडं जाईना. मी तिला ड्रायव्हरच्या मागं बसवली आन बाकीच्यांना चालत पाठवलं. पूल जाऊन किती वर्सं झाली ते तुमीच मोजा, गुरुजी."

गुरुजींनी मोजलं आणि नऊचे अकरा केले. सोनी मात्र खूश दिसली. अकराची ठरल्यावर तिला वयाप्रमाणे सहावीत बसता येणार होतं, चौथीतल्या लहान पोरांत बसायची लाज उरणार नव्हती, असं तिनं मला नंतर सांगितलं.

त्याच पाड्यावर मुलांची सभा झाली. मुलं रांगेत बसली होती आणि एकेक जण उठून सांगत होता, "आम्हाला शाळा पाहिजे, आम्हाला शिक्षण पाहिजे." मी भराभर लिहून घेत होते. मास्तर मागे येरझाऱ्या घालत होते. मधेच थांबून म्हणाले, "हे सायबाला ठावं हाय रे. सायबाला जे सांगायला लाज वाटते ते सांगा."

 मग सोनी खाली बघत म्हणाली, "भट्टीवर आंघोळीला आडोसा नाय."

ऑफिसात निवेदन तयार करताना माधुरीताईंनी त्याचं 'किशोरवयीन मुलींसाठी स्वच्छताविषयक सुविधांचा अभाव' असं केलं. मास्तरांनी कागद मागितला, उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "कल्याण, हे पोरगी बोलली नाय."

"अर्थ तोच आहे, मास्तर."

"असंल. पण सायेब हे वाचून पान उलटील. ती बोलली ते वाचलं तर हात थांबंल त्याचा."

सोनीचं वाक्य तसंच गेलं. ताई म्हणाल्या, हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं. मास्तर तोवर जिन्यात पोचले होते.

ते इतके का धावतात, हे मी त्यांना एकदाच विचारलं. शहापूरच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. मला वाटलं, ते हसण्यावारी नेतील. ते फलाटाकडे बघत बोलू लागले.

"पूर्वी टेम्पो नव्हते. भट्टीवर जाणारी माणसं माझ्याच गाडीतून जायची. टोपली, कोंबडी, पोरं, सगळं. पोरांची हाफ तिकिटं मीच फाडली. एका सालात एक पोरगा बोलला, मास्तर, परतीचं पण द्या. मी हसलो. बोललो, एसटीत परतीचं मिळत नाय, येताना तिथला मास्तर देईल."

"मग?"

"पावसाळ्यात त्याचे आय-बाप परत आले. पोरगा नव्हता बरोबर. गाडीत गर्दी होती. मी तिकिटं फाडली आन पुढं सरकलो. विचारलं नाय."

 गाडी लागली तेव्हा त्यांनी मला आधी चढू दिलं.

मी इथं एक कबूल केलं पाहिजे. मला ऑफिसात, साहेबांसमोर बोलता येत नसे. माझे वडील वाशिंदच्या कंपनीत आहेत, आई शेतावर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सरकारी टेबलासमोर उभं राहिलं की आपण चुकून आत आलो असं मला वाटायचं. मास्तरांनी त्यावर उपदेश केला नाही. फक्त म्हणाले, "बोलता येत नसंल तर वाचायला शिक. समोरचा लिहितो ते उलटं वाचायचं. गर्दीत मी पास तसेच वाचायचो." मी घरी पेपर उलटा धरून सराव केला. तो मला पहिल्याच वर्षी उपयोगी पडला, पण जे वाचलं ते वाचायला नको होतं.

झालं असं. स्थलांतर होणाऱ्या गावात हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. आई-वडील कामाला गेले तरी मुलं गावात आजी-आजोबांकडे राहतात, शाळेत त्यांना दोन वेळचं जेवण मिळतं. त्यासाठी प्रस्ताव लागतो आणि अधिकाऱ्यानं येऊन पाहणी करावी लागते. वरच्या पाड्याचा प्रस्ताव आम्ही वेळेत दिला होता. पाहणी रखडत गेली. अखेर डिसेंबरात निरोप आला की साहेब गुरुवारी येतात. पण टेम्पो बुधवारचा ठरला होता.

मास्तर घरोघर फिरले. मीही बरोबर होते. "दोन दिस थांबा. सायबाला पोरं दिसली पायजेत. पोरंच नसली तर सायेब कुणासाठी मंजूर करंल?"

लोकांना मुकादमाचा धाक होता. त्याची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. तरी मास्तरांनी सांगितलं म्हणून सगळे थांबले. नुसते थांबले नाहीत. अंगणं सारवली, मुलांना आंघोळी घातल्या, तेल लावून भांग पाडले. शाळेपुढे मी मोठी रांगोळी काढली. साहेब आले तेव्हा पाडा लग्नघरासारखा दिसत होता. एक घर बंद नाही. शाळेत एक मूल गैरहजर नाही. साहेबांना चहा दिला, मुलांनी गाणं म्हटलं.

साहेब खुर्चीत बसून लिहू लागले. मी समोर उभी होते. उलटं वाचलं. 'पाहणीच्या वेळी सर्व कुटुंबे पाड्यात हजर. स्थलांतर आढळून आले नाही.'

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनीही वाचलं होतं.

"सायेब, ही माणसं जाणारेत."

"जाणारेत म्हणजे अजून गेली नाहीत ना?"

"तुमच्यासाठी थांबलीत."

"हे बघा मास्तर, मी डोळ्यांनी बघितलं ते लिहितो. मागच्या वर्षी एका गावात न बघता लिहिलं, तर नोटीस मला आली. घरं रिकामी झाली की कळवा, मी परत येतो."

"घरं रिकामी झाल्यावर पोरं कुठून दाखवू?"

साहेबांनी कागद घडी करून ठेवला. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी रांगोळीवर पाय पडू नये म्हणून वळसा घेतला. मला ते अजून आठवतं, आणि बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मुकादम दोन दिवसांवरून बडबडत होता. माणसं बोचकी चढवत होती. मास्तर मधे जाऊन उभे राहिले. सोनीची आई यमुना म्हणाली, "मास्तर, सायबानं काय लिवलं?"

"लिवलं, की तुमी जात नाय."

 मग एक म्हातारा म्हणाला, "मग हा कागद मुकादमाला दाखवा ना. त्याला सांगा, सायेब बोलला आमी जात नाय."

सगळे हसले. मुकादमही हसला. मास्तर हसले नाहीत.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "मीच तुमाला थांबवलं. दोन दिस तुमचे माझ्यामुळं गेले. आता माझं ऐकायचं तर ऐका, नायतर जा. पोरं इथं ठेवा. मंजुरी येईल तेव्हा येईल. मी इथं राहतो."

"तुमी? कुठं?"

"समाजमंदिरात."

एका आजीनं विचारलं, "रांधणार कोण?"

"मी."

"तुमाला भात येतो का, मास्तर?"

"नाय येत. तुमी हायत ना, शिकवा."

नव्या भाताच्या कणग्या घराघरांत होत्याच. त्यातलं थोडं थोडं लोकांनी काढून दिलं. सात मुलं टेम्पोपासून बाजूला सरली. आठवं मूल म्हणजे सोनी. ती उतरून मास्तरांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. यमुनानं टेम्पोतूनच हात पुढे केला.

"सोने, चढ."

"आये, मी ऱ्हाते."

"लहान्याला कोण धरंल गो? मी विटा थापाया बसले, का तो भट्टीकडं जातो. मास्तर, तुमीच सांगा, कोण धरंल?"

लहान्या म्हणजे सोनीचा दीड-दोन वर्षांचा भाऊ. तो यमुनाच्या कडेवर झोपला होता.   मास्तरांनी पिशवीतून सोनीचं शिक्षण हमी कार्ड काढलं. जाईल तिथल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यावं म्हणून ते देतात. कार्ड तिच्या हातात दिलं, मग ड्रायव्हरला भट्टीचा पत्ता विचारला, जवळचा एसटी थांबा विचारला, सगळं लिहून घेतलं. सोनी चढली.

त्यानंतर मास्तर खरंच समाजमंदिरात राहिले. पहिले आठ दिवस भात करपला. मुलं घरी जाऊन आज्यांना सांगायची, मास्तरांचा भात काळा असतो. दर रविवारी मुलांना आज्यांच्या हवाली करून ते बसनं सोनीच्या भट्टीवर जायचे. परत आले की मी विचारायचे, "शाळेत जाते का?" शाळा हायवेच्या पलीकडे होती. कडेवर पोर घेऊन तिला रस्ता ओलांडता येत नव्हता. कार्ड झोपडीत पत्र्याच्या डब्यात होतं. "डबा उघडून दाखवला तिनं," एवढंच ते बोलले. आमच्या त्या वर्षाच्या निवेदनाला उत्तर आलं, की प्रस्ताव पुढील वर्षी विचारात घेऊ.

मार्चमध्ये मास्तरांना समाजमंदिरातच अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय आणि थोडी जीभ गेली. मुलगा त्यांना वाशिंदला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. शाळा सुटेपर्यंत त्या सात मुलांचं आज्यांनी बघितलं. सातही मुलं वरच्या वर्गात गेली.

पुढच्या वर्षी माधुरीताईंनी आणि मी नव्यानं प्रस्ताव केला. या वेळी पाहणीच्या आधी आम्ही मागच्या वर्षी बंद राहिलेल्या घरांची, मुकादमाची, भट्ट्यांची माहिती जोडली. साहेब तेच होते. त्यांनी मन लावून वाचलं. डिसेंबरच्या सुरुवातीला, टेम्पो यायच्या आधी, मंजुरीचं पत्र हातात आलं. ऑफिसात पेढे आले. ताई म्हणाल्या, "आधी मास्तरांना दाखवून ये."

मी शुक्रवारी दुपारी वाशिंदला गेले. तिसरा मजला. सुनेनं दार उघडलं. मास्तर गॅलरीत ग्रील धरून उभे होते, खाली रस्ता बघत. जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळत होतं.

"सापगाव. कशी आलीस?"

मी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, तारीख बघितली, मान हलवली. मला वाटलं, आता काही बोलतील. ते पान उलटून मुलांच्या यादीवर गेले. बोट एकेका नावावरून खाली आलं. शेवटी थांबलं.

"सोनी?"

मी म्हणाले, "ती जूनपासून शाळेत येत नाही, मास्तर. घरी लहान्याला सांभाळते. यादी मी हजेरीवरून केली."

बोलता बोलताच मला माझी चूक कळली. शाळेत येणाऱ्या मुलांची यादी मी नीट, सुवाच्य अक्षरात केली होती. जिच्यासाठी मास्तर दर रविवारी बसनं गेले, ती त्यात नव्हती.  मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं.

"टेम्पो कधी?"

"रविवारी सकाळी."

"आज शुक्रवार. उद्या-परवा हापिस बंद." ते वळून खुंटीवरचा शर्ट ओढू लागले. "लोकलनं जाऊ नको, कल्याणला अडकशील. शहापूर धर. तिथून किन्हवलीवरून मुरबाडची गाडी हाय. सायबाला सांग, नाव राहिलं. माझं म्हणून सांग."

"आणि यमुना? लहान्याचं काय?"

"लहान्या आता तीनचा झाला. अंगणवाडीत बसंल. आजी हाय त्याची. दोघांना ठेव म्हणावं." ते बटणं लावायच्या आतच दाराकडे निघाले होते.

"बाबा, तुम्ही कुठं चाललात?" सून म्हणाली.

"हिला गाडीत बसवून येतो."

तीन मजले ते कठडा धरून उतरले. मी आधार द्यायला गेले तर म्हणाले, "पुढं चल, पुढं चल." गेटवर शहापूरकडे जाणारी शेअर रिक्षा भरून उभी होती. मास्तर आत वाकले. "ताई, जरा सरका. पोरीला मुरबाड गाठायचीय."

"काका, चौथी सीट नाय होत," रिक्षावाला म्हणाला.

"होते. तीस वर्सं हेच केलंय मी."

मी चढले.

मी मुरबाडला पंचायत समितीच्या ऑफिसात पोचले तेव्हा कारकून कपाट बंद करत होता. मी बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही, पण साहेबांनी यादीच्या तळाशी पेनानं सोनीचं नाव लिहिलं आणि शेजारी सही केली. शनिवारी मी पाड्यावर जाऊन यमुनाला मास्तरांचा निरोप सांगितला. रविवारी सकाळी ती टेम्पोत चढली ती माझ्याकडे न बघता. तिच्या मुलांना तिच्यापासून मी तोडलं, असं तिला वाटलं असेल, आणि ते अगदी खोटं नव्हतं. सोनी लहान्याला घेऊन आजीजवळ उभी राहिली. तो रडत होता, ती नव्हती. मी वाशिंदला फोन करून सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना सांगितलं. ते म्हणतात, यमुना कोणत्या भट्टीवर गेली ते विचार."

पावसाच्या आधी मास्तर गेले. मधल्या काळात माझी परीक्षा होती, मला जायला जमलं नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शुक्रवारीच. रिक्षा वळायला लागली तेव्हा नमस्कार करावा म्हणून मी मान बाहेर काढली. मास्तर माझ्याकडे बघतच नव्हते. रस्त्याच्या मधोमध, पायात एकच चप्पल, उजवा पाय मागे ओढत ते उभे होते आणि हात वर करून एका पाण्याच्या टँकरला थोपवत होते, आमची रिक्षा आधी निघावी म्हणून. टँकरवाला हॉर्न वाजवत होता. मास्तर त्याला काहीतरी सांगत होते. रिक्षा हायवेला लागली तरी त्यांचा हात वरच होता.